वर्षभराचा वाचनसंकल्प: आकडा, यादी, नोंद आणि अभिप्राय कसा जमवायचा

जानेवारीत ५० पुस्तकांचा संकल्प करायचा, फेब्रुवारीपर्यंत हिरिरीनं मुखपृष्ठांचे फोटो टाकायचे, मार्चमध्ये गप्प व्हायचं आणि डिसेंबरात चाळीस-चाळीस पानांच्या पुस्तिकांनी आकडा भरून काढायचा. कुठल्याही वाचनगटात हे दरवर्षी दिसतं. यात आळस कमी, क्रमाची चूक जास्त. लोक आकडा सगळ्यात आधी जाहीर करतात, काय मोजायचं ते मध्येच ठरवतात, पुस्तकं लागतील तशी शोधतात आणि अभिप्राय तर चार पुस्तकं साचल्यावर एकदम लिहायला बसतात. खालचा क्रम याच्या बराचसा उलटा आहे. पायऱ्या गाळू नका. निदान पहिल्या चार तरी पहिलं पुस्तक उघडण्याआधी पुऱ्या करा.

## पायरी १: आधी वेग मोजा, मग आकडा ठरवा

घरातलं एखादं मध्यम वळणाचं पुस्तक घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, २० मिनिटं नेहमीच्या गतीनं वाचा आणि पानं मोजा. हेच आणखी दोन दिवस, वेगळ्या प्रकारच्या पुस्तकांवर करा: एक कादंबरी, एक वैचारिक, एक आत्मकथन. तिन्हींची सरासरी हा तुमचा वेग.

आता हिशेब. समजा २० मिनिटांत १२ पानं होतात आणि रोज अर्धा तास मिळतो. म्हणजे दिवसाला १८ पानं. महिन्याचे २५ दिवस धरा, ४५० पानं. वर्षाचे मात्र १२ नव्हे, १० महिनेच धरा. मुलांच्या परीक्षा, मे महिन्यातली लग्नं, गणपती, दिवाळी, एखादं आजारपण यांत दोन महिने सहज जातात आणि ते कुणाच्या कागदावर नसतात. झाली ४,५०० पानं. पुस्तक सरासरी २२५ पानांचं धरलं तर आकडा येतो २०.

हा २० अनेकांना कमीपणाचा वाटतो. वाटू द्या. शेजारच्याचा आकडा ६० असेल, तर तो लोकलमध्ये दोन्ही वेळा तासभर बसून जात असेल, किंवा निवृत्त असेल. त्याच्या दिवसाचा हिशेब तुमच्या दिवसाला लावण्यात अर्थ नाही.

इशारा: पानं सारखी नसतात. मोठ्या (डेमी) आकाराच्या, बारीक टायपातल्या पानावर लहान (क्राउन) आकाराच्या, मोठ्या टायपातल्या पानापेक्षा बराच जास्त मजकूर मावतो. म्हणून वेग मोजताना एकच पुस्तक वापरू नका. ई-पुस्तक वाचत असाल तर छापील आवृत्तीची पानसंख्या धरा. स्क्रीनवरचं पान अक्षर मोठं केलं की वाढतं.

## पायरी २: काय मोजायचं ते लिहून ठेवा

भांडणं इथेच होतात, तीही नोव्हेंबरात. तेव्हा नियम बदलणं म्हणजे स्वतःलाच सूट देणं, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आताच लिहा. माझा कौल असा:

तारीख. पुस्तक ज्या वर्षी संपलं, त्या वर्षाचं. डिसेंबरात सुरू करून ४ जानेवारीला संपवलेलं नव्या वर्षात येतं. गुडरीड्ससारखं ॲप वापरत असाल तर तिथेही समाप्तीची तारीखच बघितली जाते. ती रिकामी राहिली की पुस्तक ‘वाचलेलं’ दिसतं, पण संकल्पाच्या आकड्यात चढत नाही. ‘माझी तीन पुस्तकं ॲपनं खाल्ली’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

दिवाळी अंक. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला तर एक. नाहीतर तीन अंकांतलं निवडक मिळून एक. चाळलेला अंक मोजायचा नाही. जाहिराती आणि राशिभविष्य वाचून झालं म्हणजे अंक वाचला असं होत नाही.

पोथीचं पारायण. श्रावणात हा वाद हमखास निघतो. मी मोजत नाही, कारण पारायणाचा हेतूच वेगळा. अर्थासह, टीपा बघत वाचली असेल तर जरूर मोजा.

कवितासंग्रह. मोजायचा, पण दुसऱ्या वाचनानंतर. ८० पानांचा संग्रह पाऊण तासात ‘संपतो’, तो तसा संपवू नये.

पुनर्वाचन. वर्षात दोन पुरेत. श्राव्य पुस्तक पूर्ण ऐकलं तर एक, संक्षिप्त रूप असेल तर शून्य. मुलांना वाचून दाखवलेली पुस्तकं वेगळ्या रकान्यात लिहा. आनंद आहेच, पण दोन आकडे एकत्र करू नका.

अर्धवट सोडलेलं. ५० पानं देऊन पाहा. नाही लागलं तर सोडा आणि ‘सोडलेली’ या यादीत एका ओळीच्या कारणासह टाका. ही यादी वर्षअखेरीस फार उपयोगी पडते. आपल्याला नेमकं काय झेपत नाही किंवा रुचत नाही, ते तिथेच कळतं.

तपासा: नियम एका पानात मावतायत का? मावत नसतील तर तुम्ही राज्यघटना लिहिताय. कमी करा.

## पायरी ३: मिळतील त्याच पुस्तकांची यादी

सगळ्यात जास्त संकल्प इथे मोडतात. यादी सुंदर असते, पण त्यातल्या निम्म्या पुस्तकांची आवृत्ती संपलेली असते. दुकानदार ‘बघतो, सांगतो’ म्हणतो आणि वाचक वाट बघत हातात दुसरं काहीच घेत नाही. म्हणून यादी तीन भागांत करा.

*घरात आहेत ती.* कपाटासमोर उभं राहून खरंच बघा. प्रदर्शनातून आणलेली, प्लास्टिकही न काढलेली पुस्तकं निघतील. यादीचा तिसरा हिस्सा इथून भरा.

*ग्रंथालयात आहेत ती.* ‘असेलच’ असं धरू नका. देवघेवीच्या खिडकीवर जाऊन चार गोष्टी विचारा: एका वेळी किती पुस्तकं, मुदत किती दिवसांची, मुदत फोनवर वाढवून मिळते का, आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी. बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत वर्गणीनुसार एक पुस्तक आणि एक मासिक असं मिळतं. अशा वेळी महिन्याला दोन फेऱ्या ठरवूनच टाका. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे उतरत्या क्रमाचे वर्ग असतात. गावातलं ग्रंथालय ‘ड’ वर्गातलं असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयाचं सभासदत्व घेतल्याशिवाय यादी पुरी होणं कठीण. अनामत रक्कम परत मिळते, पावती जपून ठेवा. आणि ग्रंथपालांना तुमची यादी दाखवाच. ‘हे बाहेर गेलंय, पण याच विषयावर ते बघा’ एवढं एक वाक्य कुठल्याही शिफारशीपेक्षा कामाचं ठरतं.

*मिळवावी लागतील ती.* पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरचे विक्रेते, शिवाय साहित्य संमेलनातली ग्रंथप्रदर्शनं. राज्य मराठी विकास संस्था आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवर बरीच पुस्तकं विनामूल्य उतरवून घेता येतात. मंडळाची चरित्रं आणि वैचारिक ग्रंथ लोक विसरतात. परदेशात असाल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाकडे ग्रंथसंग्रह आहे का ते आधी विचारा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या ग्रंथपेट्या परदेशातल्या वाचकगटांपर्यंतही गेल्या आहेत. गट जमत असेल तर तो रस्ता बघा.

यादी आकड्याच्या दीडपट असू द्या. २० वाचायची असतील तर ३० नावं. त्यात किमान तीन पुस्तकं तुमच्या नेहमीच्या वाटेबाहेरची हवीत: एखादं नाटक, दुसऱ्या भारतीय भाषेतून आलेला एखादा अनुवाद, विज्ञानावरचं काहीतरी.

इशारा: मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफ यादीत धरू नका. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. त्याहून जुन्या लेखकाचं मूळ पुस्तक मोकळं असलं, तरी त्याचा अलीकडचा अनुवाद किंवा नव्यानं लिहिलेली प्रस्तावना मोकळी नसते.

## पायरी ४: नोंदवही पहिल्या दिवशी उघडा

वही, गुगल शीट, ॲप, काहीही चालेल. एकच असू द्या. दोन ठिकाणी नोंद ठेवणाऱ्यांची दोन्हीकडची नोंद अपुरी राहते.

रकाने: नाव, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं वर्ष, माझ्या प्रतीचं वर्ष, पानं, सुरुवात, शेवट, कुठून मिळालं, एक ओळ.

ही माहिती मुखपृष्ठावरून उतरवू नका. आतलं, प्रकाशकाच्या नोंदीचं पान उघडा. तिथे ‘प्रथमावृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ अशी उतरंड असते. वाचक शेवटची तारीख उचलतात आणि मग १९६०च्या दशकातली कादंबरी ‘अलीकडची’ म्हणून तिच्यावर मत देतात: भाषा जुनाट आहे, मोबाइल कसा नाही! पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. नवी आवृत्ती असेल तर लेखकानं काही बदललं आहे का, ते प्रस्तावनेत बघा.

लेखकाचं नाव ‘आडनाव, नाव’ असं लिहा. आद्याक्षरांनी ओळखले जाणारे लेखक आपल्याकडे इतके आहेत की एकदा बिंदूसह, एकदा बिंदूविना, एकदा मध्ये जागा सोडून लिहिलं की शीटमध्ये तीन वेगळे लेखक तयार होतात. ॲपमध्ये शोधतानाही नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाकून पाहा. पुष्कळ मराठी पुस्तकांची नोंद एकाच लिपीत असते. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असेल तर थेट त्या क्रमांकानं शोधा. जुन्या पुस्तकांना तो नसतोच.

तपासा: पहिल्या पुस्तकाची नोंद करायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली? रकाने कमी करा. अनुवादक आणि शेवटची तारीख हे दोन मात्र काढू नका.

## पायरी ५: वाचताना चिठ्ठी ठेवा

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलसुद्धा लावायची नाही. त्याऐवजी पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कागदाची चिठ्ठी खूण म्हणून वापरा आणि तिच्यावरच लिहा. ‘पा. ४७, सासूचा संवाद, हसू आलं’, ‘पा. ११२, इथे कंटाळा’, ‘पा. १३०, ही तारीख आधीच्या प्रकरणाशी जुळत नाही’. तीन-चार शब्द पुरतात. ‘छान’ एवढंच लिहू नका. आठवड्यानं त्याचा काही बोध होत नाही.

पुस्तक परत करण्याआधी चिठ्ठी काढून घ्या. ग्रंथालयाच्या पुस्तकांत किराणा मालाच्या याद्यांपासून लाइट बिलापर्यंत सगळं सापडतं, त्यात भर नको.

## पायरी ६: अभिप्राय, पुढचं पुस्तक उघडण्याआधी

मुदत दोन दिवसांची. पुढचं पुस्तक सुरू झालं की आधीच्यातली पात्रांची नावं पुसट होतात, पण ‘आवडलं’ हे तेवढं उरतं. मग माणूस मलपृष्ठावरचा मजकूर वाचून तोच आपल्या शब्दांत लिहितो. असे अभिप्राय ओळखू येतात. त्यांत ‘विदारक चित्रण’, ‘खिळवून ठेवणारी शैली’ आणि ‘संग्राह्य’ हे तिन्ही असतात.

चार प्रश्नांची उत्तरं लिहा, याच क्रमानं:

१. पुस्तक काय करू पाहतं? दोन वाक्यांत.

२. कुठे जमलंय? एक ठिकाण दाखवा, पान सांगितलंत तर उत्तम.

३. कुठे फसलंय? इथेही एक ठिकाण. ‘काहीच नाही’ असं उत्तर येत असेल तर चिठ्ठी पुन्हा वाचा.

४. कुणी वाचावं, आणि कुणी हात लावला नाही तरी चालेल?

समजा दुष्काळी भागातली एक कादंबरी वाचली आहे. नेहमीचा अभिप्राय असा येतो:

*‘अप्रतिम कादंबरी! लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक वास्तव ताकदीने मांडले आहे. शेवट डोळ्यांत पाणी आणतो. प्रत्येकाने वाचायलाच हवी.’*

यात कादंबरीचं नाव बदललं तरी एकही शब्द बदलावा लागत नाही. तीच कादंबरी, चार प्रश्नांनंतर:

*‘पाण्यासाठी गाव सोडावं लागलेल्या दोन भावांची गोष्ट. टँकरच्या रांगेतली पहिली साठ पानं मी एका बैठकीत वाचली. रांगेत कुणाची घागर कुणाच्या पुढे, यावरूनच गावातली सगळी उतरंड कळते. धाकटा शहरात गेल्यावर मात्र लिखाण सैल पडतं. रिक्षावाला, वकील, घरमालकीण सगळे एकाच भाषेत बोलतात. शेवटची वीस पानं उरकल्यासारखी. माणदेशी बोली सवयीची नसेल तर सुरुवातीची काही पानं मोठ्यानं वाचा, कान बसतो. झटपट कथानक हवं असेल त्यांच्यासाठी नाही.’*

लांबीचं म्हणाल तर १०० ते १५० शब्द भरपूर झाले. अनुवाद असेल तर अनुवादाबद्दल एक वाक्य सक्तीचं: वाक्यं मराठी वळणाची आहेत का, मूळ भाषेतले खाण्यापिण्याचे, नात्यागोत्याचे शब्द कसे हाताळलेत. अनुवादकाचं नाव गाळून ‘लेखकाची भाषा ओघवती’ म्हणणं हा तर सरळ अन्याय आहे.

तारे द्यायचे असतील तर मजकूर लिहून झाल्यावर द्या. आधी दिले की मजकूर त्या ताऱ्यांची वकिली करू लागतो.

तपासा: बोलून टाइप केलं असेल तर एकदा वाचा. अनुस्वार गळतात, ‘पुस्तकाचं’चं ‘पुस्तकाच’ होतं आणि लेखकाच्या आडनावाचं तर काहीही होतं.

## पायरी ७: मत इतरांपुढे ठेवताना

कथानक. पुस्तकाच्या सुरुवातीच्या एक तृतीयांश भागात जे कळतं तेवढंच सांगा. त्यापुढचं सांगणं भागच असेल तर आधी तशी सूचना द्या. रहस्यकथेत तर ‘शेवट अनपेक्षित आहे’ हेही सांगू नका. वाचक मग प्रत्येक पात्राकडे संशयानं बघतो.

उतारे. समीक्षेसाठी योग्य प्रमाणात उद्धृत करायला १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये मुभा आहे. किती ओळी, असा आकडा त्यात नाही. म्हणून दोन-तीन वाक्यं घ्या, त्यांच्यावर काही म्हणा, पान द्या. पूर्ण कविता उतरवून खाली ‘वा!’ लिहिणं ही समीक्षा नव्हे. आठ ओळींची कविता म्हणजे अख्खी कलाकृती असते. सलग पानांचे फोटोही टाकू नका.

भेटप्रत. मराठीत हा नाजूक मामला आहे. पुस्तक लेखकानं ‘सप्रेम भेट’ लिहून दिलेलं असतं, किंवा त्यावर ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का असतो. अनेकदा लेखक गटातच असतो, कधी मावसभाऊही निघतो. उपाय एकच: पहिल्याच ओळीत सांगून टाका, ‘प्रत लेखकाकडून भेट मिळाली, आमची ओळख आहे.’ मग मत मोकळेपणानं लिहा. ते जमणार नसेल तर त्या पुस्तकाची नोंद वहीत ठेवा आणि जाहीर अभिप्राय देऊ नका. खोटं कौतुक एकदा लक्षात आलं की तुमच्या बाकीच्या शिफारशीही कुणी मनावर घेत नाही.

टीका पुस्तकावर. ‘संवाद कृत्रिम आहेत’ हे मत झालं. ‘लेखकाला खेडं माहीतच नाही’ हा माणसावरचा आरोप झाला, आणि तो बहुधा तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. लेखकाची जात, वय, राजकारण यांवर घसरलात की पुस्तक बाजूला पडतं आणि ५० उत्तरं भलत्याच विषयावर येतात.

उत्तरं देताना. कुणी विरोधी मत मांडलं तर पान विचारा: ‘तुम्हाला कुठे तसं वाटलं?’ चर्चा पुस्तकावर परत येते. दोनदा विचारूनही पान मिळालं नाही तर तिथेच थांबा.

## पायरी ८: जूनअखेर हिशेब, डिसेंबरात आवराआवर

३० जूनला पुस्तकं नव्हे, पानं मोजा. ४,५००पैकी २,००० झाली असतील तर ठीक चाललंय. ७०० पानांचा एक जाडजूड ग्रंथ वाचणारा पुस्तकांच्या आकड्यात मागे दिसतो, पण मागे नसतो. खरोखरच मागे असाल तर आकडा कमी करा आणि तसं सांगा. पुस्तिका कोंबून भरपाई करू नका. यादीतल्या उरलेल्या नावांवरून एकदा नजर फिरवा. सहा महिने जे पुस्तक तुम्ही दर वेळी टाळलंत, ते काढून टाका.

दिवाळी अंकांसाठी नोव्हेंबरात जागा ठेवा. बऱ्याच ग्रंथालयांत त्यांची योजना वेगळी असते आणि वर्गणीही वेगळी भरावी लागते. ती ऑक्टोबरातच विचारून ठेवा, चांगले अंक पहिल्या आठवड्यातच बाहेर जातात.

१० डिसेंबरनंतर ४०० पानांच्या वरचं काही सुरू करू नका. त्या दिवसांत दोन कामं उरका: राहिलेले अभिप्राय (चिठ्ठ्या आहेत, जमेल) आणि रिकाम्या राहिलेल्या समाप्तीच्या तारखा. वर्षाच्या अखेरीस ‘माझी टॉप टेन’ करण्यापेक्षा तीन पुस्तकं निवडा: एक सगळ्यांना सांगावं असं, एक फक्त ठरावीक वाचकाला सांगावं असं, आणि एक अपेक्षाभंग केलेलं. वाचणाऱ्याला दहाच्या यादीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

३१ डिसेंबरच्या रात्री हातात अर्धं राहिलेलं पुस्तक नव्या वर्षात धरलं जाईल. ते ग्रंथालयाचं असेल तर परतीची तारीख मात्र जुन्या वर्षातच पडलेली असू शकते. शिक्का बघून घ्या.